बारा दिवसांचं आजारपण

"तीस वर्षं परक्यांच्या उशाशी उभी राहिलीस, आणि घरचं माणूस म्हटलं की जमत नाही?" नवऱ्याने हातातलं वर्तमानपत्र आपटलं.

"उभीच राहिले," ती म्हणाली. "दुसरं काय केलं?"

वाद सकाळच्या चहापासून चालला होता. खुब्याचं ऑपरेशन झालेली नणंद सोमवारी दवाखान्यातून याच घरी येणार होती. तिला उठवणं-बसवणं, अंग पुसणं, वेळेवर गोळ्या देणं, सगळं आलं. परक्या बाईचा हात अंगाला लागता कामा नये, वहिनी आहे की, असं वन्सं फोनवर बजावून मोकळ्या झाल्या होत्या. आणि त्याच सोमवारपासून वहिनीचं बारा दिवस शूटिंग होतं.

"कळवून टाक, येत नाही म्हणून," मुलगा म्हणाला. "नर्स काय, कुणालाही उभं करतील."

हे खोटं नव्हतं. तिलाही असंच उभं केलं होतं. स्टुडिओच्या कपडेपटात ती बटणं लावायची. एके दिवशी ठरलेली मुलगी आली नाही आणि नर्सचा गणवेश हिच्या अंगाला बेतल्यासारखा बसला. तो पुन्हा उतरलाच नाही. तिने सलाइनची बाटली धरली, थर्मामीटर झटकला, जुळं झाल्याची बातमी दिली, कितीजणांच्या तोंडावर चादर ओढली. एकदा इंजेक्शनमध्ये विष भरायला मिळालं, तेव्हा घरात आठवडाभर तिचा भाव वधारला होता. बाकी वाक्य एकच, "डॉक्टर, लवकर या!" ते म्हणून झालं की दोन पावलं मागे. हिरोच्या तोंडावरचा प्रकाश अडवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी दरडावून शिकवलं होतं. नामावलीत ती 'नर्स' असे, कधी तेवढीही नसे.

गल्लीत मात्र तिचं नाव झालं होतं. समोरचे आजोबा अधूनमधून इंजेक्शनसाठी बाही वर करून दारात येत.

"आई पडल्या तो दिवस आठवतो?" तिने नवऱ्याला विचारलं.

सासूबाई भोवळ येऊन स्वयंपाकघरात पडल्या तेव्हा ती "डॉक्टर, लवकर या!" असं ओरडली होती आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली होती. घरात डॉक्टर कुठला असायला? शेवटी तोंडावर पाणी मारलं ते मोलकरणीने.

भाजी निवडणाऱ्या सुनेला हसू आवरेना. "पण आई, या वेळी तुम्ही नर्स नाहीच ना?"

"नाही. पेशंट आहे."

"पेशंट?" मुलगा म्हणाला.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत खाटेवर. एकशे चाळीस वाक्यं आहेत. नर्सला हाकलून लावते मी."

दिग्दर्शिका सुनेच्या वयाची होती. तिने एवढंच विचारलं होतं, "आडवं पडून बोलता येईल ना?" ही येईल म्हणाली, आणि घरी दार लावून पलंगावर पडून पाहिलं तर आवाज घशातच अडकला. सगळी वर्षं बोलली ती उभ्यानेच. दुपारच्या दुपार घोकून आता कुठे तो छातीतून निघू लागला होता.

"या वयात हे काय खूळ!" नवरा म्हणाला. "बहिणीला काय सांगू? ती खरी आजारी, आणि वहिनी खोटी आजारी पडायला गेलीय?"

"तसंच सांगा."

तेवढ्यात फोन वाजला. तिने उचलला, वन्संच होत्या. "वहिनी, ती तुझी पांढरी टोपी काढून ठेव बाई. सगळ्यांना सांगितलंय मी, घरचीच नर्स आहे म्हणून."

नवऱ्याने पुढे होऊन फोन घेतला. "तू निर्धास्त ये गं. ती आहे."

तिच्या पाठीला भिंत लागली. तेव्हा कुठे तिला कळलं की, नवरा पुढे येताच आपण दोन पावलं मागे सरलो होतो.

ती दिवाणापाशी गेली. उशी नीट केली आणि भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, आडवी झाली. सुनेचे हात भाजीवरच थांबले.

"सोमवारपासून बारा दिवस मी आजारी आहे," ती छताकडे बघत म्हणाली. आवाज फोनमध्येही पोचला असावा. "वन्संसाठी नर्स बोलवा. खरी."