व्हिटॅमिन डी आणि माझ्यावर आलेला आळ

रविवारी दुपारी ओटा पुसत होते, तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर अकलूजच्या नणंदेचा फॉरवर्ड आला. गरोदरपणात व्हिटॅमिन डी कमी असेल तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, बोलणं उशिरा येऊ शकतं वगैरे... खाली ताईंनी लिहिलं होतं, 'वहिनी, वाचा. आता कळलं ना आपली मनू का बोलत नाही!'

त्यावर धडाधड अंगठे. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा.

मनू आमची मुलगी, अडीच वर्षांची. आई, बाबा आणि 'दे'... एवढेच शब्द येतात तिला. त्या काळजीनं मी आधीच अर्धी झालेय, त्यात हे!

डोकं सणकलं, कारण मनूच्या वेळी काय झालं ते मला चांगलं आठवतंय. पाचव्या महिन्यात माझा रिपोर्ट आला, डी खूप कमी. डॉक्टरांनी आठवड्याला एक पावडरची पुडी दुधातून घ्यायला सांगितली, शिवाय रोज थोडं ऊन. आता सोलापुरात काय उन्हाचा दुष्काळ आहे? पण मी गच्चीचा जिना चढायला लागले की सासूबाई खालून ओरडायच्या, "उनात कुटं निघालीस? लेकरू काळं व्हईल की!"

पुड्यांचंही तेच. दोन घेतल्या, जरा जळजळ झाली, तर म्हणाल्या, "लई गरम पडतंय त्ये. बास कर आता." डोहाळजेवणाला आलेल्या ताईंनी मात्र केशराची डबी आणली होती... बाळ गोरं व्हावं म्हणून. केशर चाललं. पुडी तेवढी गरम!

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरीही घरात वाद नको म्हणून गप्प बसले. हा स्वतःवरचा राग सगळ्यात जास्त जाळतो.

नवऱ्याला विचारलं, अंगठा कशाला दिलास? म्हणाला, "अगं, वाचलंच नव्हतं नीट... सहज दिला." सहज!

सोमवारी रजा टाकून मनूला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे न्यायला निघाले. "मी बी येते," म्हणत सासूबाई रिक्षात चढल्या. मला नको होत्या त्या. रस्ताभर मी बाहेर बघत बसले.

डॉक्टर मॅडमनी सगळं पहिल्यापासून विचारलं. गरोदरपणातला रिपोर्ट बघून म्हणाल्या, "डीच्या पुड्या पूर्ण घेतल्या होत्या का?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारून आवाज आला... "मीच बंद करायला लावल्या वो. उनात बी मीच जाऊ देत नव्हते. हिचा काय दोष न्हाय."

मी मान वळवून बघितलं. सासूबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आजी, पुड्या बंद करायला नको होत्या. पण बोलणं त्याच्यामुळंच अडलंय, असं कुणीच सांगू शकत नाही. मला आधी सांगा, मागून हाक मारली तर ही वळते?"

मी म्हणाले, कधी वळते, कधी नाही... आम्हाला वाटायचं, हट्टी आहे.

कानाची टेस्ट झाली. दोन्ही कानांत पडद्यामागं पाणी साचलंय, तिला धड ऐकूच येत नाहीये. त्यावर उपचार होतात, म्हणाल्या. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी, सोबत स्पीच थेरपी सुरू करायचीय. तिचं डीसुद्धा तपासायला दिलंय.

माझी लेक धड ऐकू शकत नव्हती आणि अख्खं खानदान माझा गुन्हा शोधत होतं. इतक्या अंगठ्यांत एकानंही लिहिलं नाही, की जरा कान तपासून बघा.

पोटुशा बाईला गच्चीवरून खाली बोलवायचं, तिच्या हातातलं औषध काढून घ्यायचं आणि दोन-तीन वर्षांनी तिलाच लेख वाचायला पाठवायचा... लाज वाटत नाही?

गरोदर असाल तर एवढंच सांगते, रिपोर्ट स्वतः वाचा, औषधाबद्दल काही वाटलं तर डॉक्टरांनाच विचारा. घरातल्या शांततेसाठी माझ्यासारखं गप्प बसू नका.

राग गेलेला नाही माझा. पण परक्या माणसासमोर स्वतःची चूक कबूल करायला हिंमत लागते, आणि त्या दिवशी आमच्या अख्ख्या घरात ती एकट्या सासूबाईंनी दाखवली... तेवढ्यासाठी मी त्यांची मनापासून आभारी आहे.