दुपारी कुठे सापडाल?

कमलताई गेल्याचा निरोप मला शिवणवर्गात मिळाला. गुरुवारी दुपारी मी तिथे असते हे माझ्या घरातही कुणाला धड ठाऊक नाही. ताईंच्या सुनेने मात्र त्यांची पत्त्यांची वही उघडली आणि वर्गाखालच्या औषधाच्या दुकानात फोन केला. माझ्या नावापुढे ताईंनी गुरुवारचा हा ठिकाणा लिहूनच ठेवलं होता. मी मशीन थांबवली. मनात पहिल्यांदा आलं ते हेच... ताईंनी शेवटीही मला बरोबर गाठलं.

सत्तर सालच्या सुमारास मी नागपुरातल्या एका रक्तपेढीत कारकून म्हणून लागले. ताई तिथल्या जुन्या. रक्तदात्यांची कार्डं त्यांच्या ताब्यात असत. छापील कार्डावर चारच रकाने: नाव, वय, रक्तगट, पत्ता. ताईंनी प्रत्येकाच्या तळाशी हाताने दोन ओळी वाढवल्या होत्या: ‘दुपारी कुठे सापडेल?’ आणि ‘निरोप कोणाला द्यावा?’ साहेब चिडवत, “कमलबाई, रक्त घेऊन राहिल्या का सोयरीक जमवून राहिल्या?” ताई मान वर न करता म्हणत, “पत्त्यावर घर सापडते साहेब. माणूस नाही सापडत.”

मला टापटिपीची हौस. कोरी छापील कार्डं आली तेव्हा आठवडाभर बसून मी सगळी नव्याने टाइप केली, छापलेल्या चार रकान्यांपुरतीच. तळचा मजकूर मला गिचमिड वाटला. कुणाला विचारलं नाही. जुनी कार्डं रद्दीसाठी बांधून टाकली.

दोनच दिवसांनी शेजारच्या दवाखान्यात खापा गावची एक बाळंतीण आली. रक्तस्राव थांबेना. गट ओ निगेटिव्ह, आणि पेढीत त्या गटाची बाटली नव्हती. आमच्या यादीत त्या गटाचा एकच माणूस, डोमाजी रंगारी. शिपाई प्रताप नगरच्या पत्त्यावर जाऊन परत आला. दाराला कुलूप. बाळंतिणीचा नवरा दारात उभा राहून माझ्याकडेच पाहत होता. मी ताईंना खरं ते सांगितलं. त्या फरशीवर बसल्या आणि रद्दीचा गठ्ठा सोडला. कार्डं चाळता चाळता एकदाच म्हणाल्या, “काहून वं, चार शब्द जास्त टाइप केले असते तर तुही बोटं झिजली असती का?”

कार्ड निघालं. ‘दुपारी बर्डीच्या बाजारात, सायकल दुकानामागे झोपतो.’ अर्ध्या तासात डोमाजी हजर, कोपरापर्यंत रंगकामाचा हिरवा रंग लागलेला. बाई वाचली.

साहेबांनी चौकशी केली तेव्हा ताईंनी माझं नाव घेतलं नाही. “कार्डच अपुरं आहे,” म्हणाल्या. पुढची छपाई सहा रकान्यांची झाली. नंतर दुसऱ्या पेढ्यांनीही तो नमुना मागून नेला. त्यावर ताईंचं नाव कुठेच नाही, म्हणून इथे लिहिते: ते कार्ड कमलताईंचं.

गेल्या आठवड्यात सुनेने त्याच वहीत जपून ठेवलेलं त्यांचं स्वतःचं कार्ड मला आणून दिलं. ताईही रक्त देत. सहा रकान्यांच्या पहिल्या छपाईतलं ते, माझ्या चुकीला महिनाही झाला नव्हता तेव्हा भरलेलं. ‘दुपारी कुठे सापडेल?’ यापुढे लिहिलंय, ‘टेबलावरच.’ आणि ‘निरोप कोणाला द्यावा?’ यापुढे, त्यांच्या ठसठशीत अक्षरात... माझं नाव.