तळव्याखालचा ब्रेक

विट्याजवळच्या एका खळ्यावर दोघा भावांत बांधावरून जुंपली होती. मी सांगलीच्या शेठचा माणूस, हळदीचा नमुना न्यायला गेलेलो. मध्ये पडायची मला काय गरज होती? पण पडलो. धाकट्यानं थोरल्यावर उगारलेली पहार माझ्या उजव्या घोट्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज आधी कानाला कळला, पायाला मागनं.

प्लास्टर निघालं तेव्हा घोटा लाकडासारखा. वर होईना, खाली होईना. शेठ म्हणाले, "गाडी चालवता येत असंल तर ऱ्हा, न्हाईतर गावाकडं जा." गाव नांदेडच्याही पलीकडं. दुष्काळात सातवीतनं शाळा सोडून निघालो होतो. परत जाऊन दाखवण्यासारखं हातात काहीच नव्हतं.

मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. माझा ताठ पंजा पेडलवर टेकलेलाच राही. ब्रेक घासून ड्रम इतका तापायचा, की थुंकी टाकली तर चर्र व्हायची. मार्केट यार्डामागच्या गॅरेजात गाडी नेली, तसे मिस्त्रीचाचा हातातली भाकरी ठेवून उठले. त्यांनी पेडल खाली घेतलं.

"बसतोय का पाय?"

"बसतोय की, चाचा."

बसत नव्हता. दाबायचं तर अख्खी मांडी उचलून पाय आपटावा लागायचा. पण जेवण सोडून उठलेल्या माणसाला 'न्हाई' कसं म्हणायचं?

"मग जा, त्या वडाच्या झाडापासनं वळून ये. जोरात ये."

आलो. चाचांनी ऑइलचा रिकामा डबा सरळ चाकापुढं फेकला. मी पाय आपटला, तो पेडल चुकवून हवेतच गेला. डब्यावर चढून गाडी आडवी झाली, मी खडीवर फरफटलो. कोपर सोललं. उठतोय तोच कानाखाली जाळ निघाला.

"बसतोय म्हनं! माझ्याशी गोड बोलतोस व्हय रं? डब्याच्या जागी कुनाचं लेकरू असतं म्हंजी?"

शेजारचा वेल्डिंगवाला हसला. "आवं चाचा, आधीच मोडलाय त्यो. आनि किती मोडताय?"

"तू गॅस पेटीव. दात मिटून."

मला गाडीवर बसवून ते म्हणाले, "डोळं मीट. पाय सोड, पडंल तिथं पडू दे." तळव्याखाली खडूची खूण केली. "लोखंडानं पायाकडं यायचं, गड्या. पायानं न्हवं." मग पेडल काढून लालभडक केलं आणि घणाखाली घातलं. एकेक घाव माझ्या घोट्यात ठणकत होता. मागं वाकवलेल्या पेडलला रुंद पट्टी जोडली. आता घोटा नको. गुडघा पुढं रेटला की ब्रेक.

"बसतोय?"

'बसतोय' ओठावर आलंच होतं. कान अजून तापलेला होता. "न्हाई चाचा. पट्टी जरा बाहेर जातीया."

त्यांनी सणसणीत शिवी हासडली आणि पुन्हा घण उचलला. इतक्या मायेनं मला कुणी मारलं नव्हतं, कुणी शिवीही दिली नव्हती.

पुन्हा डबा आला. मी गुडघा रेटला. चाक किंचाळलं, डब्याला नुसतं टेकलं. चाचांनी लाथेनं डबा गटारात उडवला आणि भाकरीकडं वळले.

शेठनी यार्डात एक फेरी मारायला लावली. माझ्या पायाकडं बघितलं. मग नमुन्याची रिकामी पिशवी हँडलला अडकवली.

"विट्याला जा," म्हणाले. "त्याच खळ्यावर. आनि आता मधी पडू नगंस."