डांबराच्या पिंपाचं चिलखत

सहा वर्षं मी आमच्या गावची राणी होतो. गाव मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे. चैत्रातल्या जत्रेला गावात नाटक व्हायचं, नाटकात राणी लागायची, आणि बाईने रंगमंचावर पाय ठेवला तर देव कोपेल अशी देवाच्या वतीने गावानेच समजूत करून घेतली होती. मी शाळामास्तर, अंगाने काडी, आवाज पातळ. त्यामुळे देवाची सोय माझ्याकडून होत असे. वर्षभर लोक मला मास्तर म्हणत आणि चैत्रात पंधरा दिवस राणीसाहेब. काही हलकट बाराही महिने राणीसाहेबच म्हणत.

हेही मी सोसलं असतं, पण माझं लग्न ठरलं. मुलगी शहापूरची, सातवी पास, बाजारपेठेत वाढलेली. बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी छंद विचारला. मी म्हणालो, नाटक. कुठल्या भूमिका करता? म्हटलं, ऐतिहासिक. यात खोटं काही नव्हतं, पण घरी येईपर्यंत मी चैत्राचे दिवस मोजत होतो. लग्न माघात, नाटक चैत्रात. म्हणजे लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच माझी बायको बायकांच्या बाजूला पुढे बसणार आणि तिच्यादेखत तिचा नवरा नऊवारी नेसून, डोळ्यांना पदर लावून ‘प्राणनाथ’ म्हणत हुंदके देणार. त्यापेक्षा नोकरी सोडून पळून जावं असं मला खरोखर वाटे.

नाटक लिहिणारे, बसवणारे आणि गॅसबत्त्या पुरवणारे एकच गृहस्थ होते, आमचे भातगिरणीचे मालक. त्या वर्षी त्यांनी लिहिलं होतं ते एका विधवा राणीचं आणि वसईहून चालून आलेल्या एका फिरंगी सरदाराचं. इतिहासात अशी राणी झाली नाही आणि असा फिरंगीही झाला नाही, पण गिरणी त्यांची होती. मी फिरंग्याची भूमिका मागितली. त्यांनी मला वरून खाली आणि खालून वर पाहिलं.

“फिरंगी कसा पायजे? दाराएवढा. तुमी तर कडीएवढे, मास्तर.”

मी खिशातून एक कागद काढला. वाण्याकडून गूळ बांधून आला होता तो, कुठल्या तरी विलायती मासिकाचं पान. त्यावर एक शिपाई होता, टाळूपासून टाचेपर्यंत लोखंडात मढवलेला, डोळ्यांना फक्त एक फट. मी म्हणालो, “हे अंगावर चढवलं की आत दार आहे की कडी, कोणाला कळतंय?”

मालकांनी चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. “असं लोखंड करील कोण?”

“मी.”

राणीसाठी पोस्टमनला उभा करायचं ठरलं. तो गोरा होता, गुबगुबीत होता आणि त्याला झुपकेदार मिशी होती. मिशीचं पुढे बघू, असं मालक म्हणाले.

आता लोखंड आणि माझा संबंध शाळेची घंटा बडवण्यापुरता. मी लोहारबाबांकडे गेलो. सुगी संपली होती, विळे-कोयते धारेला येणं थांबलं होतं, त्यामुळे त्यांचे हात रिकामे होते. तोंडाला मात्र कधीच सुट्टी नसे. त्यांनी चित्र घेतलं आणि उलटून पाहिलं. मागच्या बाजूला एका मडमेची साबणाची जाहिरात होती.

“याची पाठ कुठंय?”

“पाठ नाही. चित्र पुढूनच आहे.”

“मंग पाठ साबनाची करायची का?” असं म्हणून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, पत्रा आण, जाड आण, डालड्याच्या डब्याला हात लावीन तर लोहार नाय.

जाड पत्रा मिळाला शहापुरात. आग्रा रोडचं काम चालू होतं आणि डांबराची रिकामी पिंपं रस्त्याकडेला पडलेली असत. होणाऱ्या सासऱ्यांनीच मुकादमाला सांगून दोन मिळवून दिली. कशाला हवीत असं विचारल्यावर मी पुन्हा ‘ऐतिहासिक’ म्हणालो. बैलगाडीतून पिंपं गावी आली, लोहारबाबांनी ती उभी चिरली आणि आतलं डांबर जाळून काढलं. तीन दिवस गावातल्या भाताला डांबराचा वास येत होता. गावाने मला तोंडावर शिव्या दिल्या, लोहारबाबांना पाठीमागे दिल्या, कारण विळ्याला धार त्यांच्याकडेच लावायची होती.

पहिले आठ दिवस मला नुसता भाता ओढायला लावला. मी कुरकुरलो तर म्हणाले, “तुमच्या शाळंत पोरगं पयल्या दिवशी बुक वाचतंय का? पाटी पुसतंय ना? तुमी पाटी पुसा.” नवव्या दिवशी हातात हातोडा दिला. बाभळीच्या ओंडक्यात ताटलीएवढा खळगा कोरलेला होता. त्याच्यावर पत्रा धरायचा आणि कडेने सुरुवात करून गोल गोल ठोकत मध्यापर्यंत यायचं, म्हणजे पत्र्याला पोट येतं. ऐकायला सोपं आहे. माझी समजूत होती की लोखंड ठोकलं की वाकतं. तसं नसतं. थोडं ठोकून घेतं, मग ताठ होतं, हातोडा उडवून लावतं, आणि त्यावरही हट्ट धरला तर फाटतं.

“रुसला बघा पत्रा,” लोहारबाबा म्हणायचे. मग तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचा आणि तुसाच्या राखेत पुरून ठेवायचा. सावकाश निवला की पुन्हा मऊ. “रुसला की मारायचा नाय मास्तर. ऊब द्यायची, निजवायचा, मंग सांगायचं. लगीन झालं की कळंल.”

माझं पहिलं छातीचं कवच थेट घमेलं झालं. लोहारबाबांनी ते उचललं, त्यात कोळसा भरला आणि पुढे वीस वर्षं वापरलं. दुसरं बरगडीपाशी फाटलं. तिसऱ्याला मात्र माणसाच्या छातीसारखा आकार आला. मी ते अंगणात उन्हात ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत चार वेळा उगाच बघून आलो. वह्यांवर इतकी वर्षं लाल शेरे मारले, पण स्वतःला ‘छान’ असा शेरा द्यावासा मला पहिल्यांदा तेव्हा वाटला.

कोपराने मात्र जीव काढला. मी ट्रंकेच्या बिजागऱ्या लावून पाहिल्या. हात एकदा वाकला आणि तसाच राहिला. लोहारबाबांनी मला कानशीने मोकळं केलं. याचं उत्तर मिळालं जेवताना, शेजारणीने दिलेल्या शेतातल्या खेकड्याच्या रश्श्यात. नांगी फोडता फोडता मी थांबलो. खेकड्याचं अंग सगळं कवच, तरी पाय कसा झोकात दुमडतो. सांध्याला दोन्ही बाजूंना एकेक टेकू, आणि त्यावर एक कवच दुसऱ्याखाली सरकतं. मी ती नांगी तशीच घेऊन भट्टीवर गेलो. लोहारबाबांनी ती उघडून-मिटून पाहिली, पटलं म्हणाले आणि खाऊन टाकली. मग आम्ही कोपराला आणि गुडघ्याला तीन-तीन पट्ट्या एकावर एक चढवल्या, दोन बाजूंना एकेक रिपीट, म्हणजे दोन्ही टोकांना चेपलेला खिळा, मारला, तोही मुद्दाम ढिला. गुडघा वाकला. लोहारबाबा ते तंगडं हातात धरून दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकवून दाखवत होते.

माघात लग्न झालं. तिसऱ्या दिवशी बायको परसात गेली आणि कवच घेऊन आली. मी छाती काढून सांगितलं की यंदा मी फिरंगी सरदार आहे. मागच्या सहा वर्षांबद्दल तिने विचारलं नाही आणि मी बोललो नाही. तिने कवचाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं.

“हे अंगाला कापेल की हो. आत काय घालणार?”

हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. तिने जुन्या लुगड्यांचे थर घेतले आणि गोधडी शिवतात तसे टाके घालून जाड बंडी शिवली.

पाठीचा प्रश्न अजून तसाच होता. चित्रात पाठ नसल्यामुळे मी मला ठाऊक असलेल्या एकाच वस्त्राप्रमाणे ती केली: दोन पाखी आणि मधे नाडी. लोहारबाबा म्हणाले, “ही तर चोळी झाली मास्तर.” झाली तर झाली. पण स्वतःची पाठ स्वतःला ठोकता येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी परसात बायकोला उभी करायची, बंडी आणि कवच चढवायचं आणि जिथे टोचतंय म्हणेल तिथे खूण करून ठोकायचं. खांद्याला सैल आहे, आवळलं. बगलेत अडतंय, कापलं. ती मुकाट उभी राहायची आणि मधूनच आतून हसायची. ते दिवस फार चांगले होते. मी अंगावर घालून पाहायचो ते फक्त शिरस्त्राण आणि हात.

जत्रेला आठ दिवस असताना रंगीत तालीम ठरली. सगळं मंडळ शाळेत जमलं. मी बंडी घातली, कवच चढवलं, लोहारबाबांनी मागून नाडी ओढली. नाडी येईना. त्यांनी पाठीत गुडघा रोवून ओढली. मला श्वास येईना. महिनाभर मी ते कवच माझ्या बायकोच्या मापाने ठोकत होतो, आणि त्याच महिन्यात तिच्या हातचं खाऊन मला लग्न मानवलं होतं. मंडळातला प्रत्येक किडकिडीत माणूस त्यात घालून पाहिला. कोणाचा खांदा आत गेला नाही, कोणाची छाती बसली नाही.

त्याच वेळी पोस्टमनचे वडील काठी आपटत आले. पोस्टमन मिशी उतरवायला कसाबसा तयार झाला होता, ते त्यांच्या कानावर गेलं होतं. “मी जिता हाय ना? मंग ह्यानं मिशी कोनासाठी काढायची?” बाप असताना मिशी काढायची म्हणजे बापाला जिवंतपणी पोहोचवायचं. म्हातारा पोस्टमनला दंडाला धरून घेऊन गेला.

माझे वडील आधीच वारलेले, त्यामुळे माझ्या मिशीला कोणी वाली नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फिरंग्यासाठी वाढवलेली ती चार बोटांची मिशी चाचपत घरी आलो. मागोमाग मालक आले आणि ओटीवर डोकं धरून बसले. राणी तर मिळाली, पण मुरबाडच्या बाजारापासून शहापूरपर्यंत त्यांनी ‘लोखंडी फिरंगी’ असा डंका पिटला होता.

“मला होतं ते,” दाराआडून आवाज आला.

मालक उडालेच. “बाई? रंगमंचावर?”

“महिनाभर परसात उभी करून ठोकलंत,” बायको मला म्हणाली, “आता मिरवू द्या की.”

मालकांनी डोक्यावरचे हात खाली घेतले. मग म्हणाले, “तोंड झाकलेलं हाय. देवाला तरी काय दिसतंय? बोलायचं मी बोलीन विंगेतून, तुमी फक्त हात हलवा.” चौघांत शपथ झाली: मालक, लोहारबाबा, ती आणि मी. नवी सून तापाने पडली आहे असं गावात सांगायचं ठरलं, आणि चिलखतात शहापूरचा एक पाहुणा नट आहे असं मंडळाला.

मालक गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. सहा वर्षं, सहा राण्या, नऊवारी, हुंदके. ती ऐकून घेऊन उठली आणि चुलीकडे गेली. हसली नाही, चिडली नाही, विषयही काढला नाही. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने माझी मिशी उतरवली, तेव्हाही ती काही बोलली नाही. तालमी होत होत्या, रात्री मालक घरी येऊन फिरंग्याचे संवाद म्हणत आणि ती त्यांच्या आवाजावर हात हलवायला शिकत होती, मी राणीचे संवाद घोकत होतो, आणि आठही दिवस मी तिच्याशी डोळ्याला डोळा भिडवला नाही. मला खात्री झाली होती की आता आयुष्यभर मी तिच्या मनात लुगड्यातच उभा राहणार, आणि जन्मभर मला त्याची लाज वाटत राहणार.

नाटकाच्या दिवशी मी तिला चिलखत चढवून पडद्यामागे उभी केली आणि मगच स्वतः नेसायला गेलो. फिरंगी आला तेव्हा माणसं उठून उभी राहिली. असा खणखणाट मुरबाड तालुक्याने ऐकला नव्हता. विंगेतून मालक गर्जत होते आणि ती अशी झोकात हात फेकत होती की समोरची पोरं आयांच्या मांडीत घुसली. शेवटी राणी फिरंग्याला हरवते. ती दोन्ही गुडघ्यांवर बसली. अजिबात अडखळली नाही, पट्ट्या एकाखाली एक सरकल्या, आणि त्या भलत्या वेळी मला माझ्या गुडघ्यांचा अभिमान वाटला. मी तलवार दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. मांडव चिडीचूप. शिरस्त्राणाच्या फटीतून तिचे डोळे दिसत होते, माझ्यावर रोखलेले. आठ दिवस चुकवले, ते आता समोरच होते. तलवार तशीच डोक्यावर राहिली.

शिरस्त्राणाच्या आतून, मला एकट्यालाच ऐकू येईल असा आवाज आला.

“अहो, पदर पडलाय. आधी तो सावरा, मग मारा.”