मागून हाक

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला वारणा एका घळीत शिरते. दोन्ही बाजूंना उभे काळे कातळ. एरवी ऐसपैस पसरलेली नदी तिथं दहा-पंधरा हातांत कोंबली जाते आणि मैलभर आदळत-आपटत खाली उतरते. त्या घळीतून होडीनं जायचं असं कुणी म्हटलं असतं, तर आम्ही त्याला सरळ वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखवला असता.

म्हणाला तो माझा मित्र. पहिलीपासून आम्ही एका बाकावरचे. पुढं मी गावातच मास्तर झालो आणि तो बापासारखा फौजेत गेला. एकाहत्तरची लढाई लढून धडधाकट परत आला. नंतर फौजेनं त्याला उत्तरेकडच्या डोंगरी नद्यांवर नेलं. तिथं तो कयाक चालवायला शिकला. कयाक म्हणजे एकाच माणसाची निमुळती होडी. वरून बंद, मध्ये भोक, त्यात कमरेपर्यंत बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं.

लढाईनंतर तीन-चार वर्षांनी तो दोन महिन्यांच्या रजेवर आला तो हेच डोक्यात घेऊन. "दुसऱ्यांच्या नद्या लय झाल्या गड्या," म्हणाला, "एकदा आपल्या नदीतनं जायाचं हाय."

आमच्या गोठ्यात आम्ही ती होडी बांधली. कळकाच्या कांबींचा सांगाडा, त्यावर ताडपत्री, शिवणींवर रस्त्याच्या कामावरून मागून आणलेलं डांबर. दाभणानं ताडपत्री शिवायचं काम माझं. पंधरा दिवस माझी बोटं सोलवटलेली होती आणि वर्गातली पोरं फळ्यावर माझं अक्षर बघून हसत होती. गोठ्याच्या दारात गर्दी हटत नसे. एक म्हातारा रोज यायचा आणि रोज तेच विचारायचा, "लडाईत वाचलास, त्ये बरं न्हाई वाटलं व्हय रं?" सगळे हसायचे. तोही हसायचा.

खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटत होता. मी आष्ट्याच्या पलीकडचं जग फारसं पाहिलं नव्हतं.

दसऱ्याच्या आधी, पाणी उतरल्यावर, आम्ही काठाकाठानं सगळी घळ पायांखाली घातली. कुठल्या कातळाला डावीकडून जायचं, कुठं भोवरा आहे, हे त्यानं पाठ केलं. चालता चालता मला म्हणाला, "कातळाला भ्यायाचं न्हाई. पाणी कातळाला वळसा घालतं, आपल्यालाबी संगं नेतं. भ्यायाचं त्ये पडल्याल्या झाडाला. पाणी फांद्यांतनं निघून जातं, मानूस न्हाई जात." त्या दिवशी घळीत झाड नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. रात्री डोंगराकडं पाऊस झाला, पण सकाळी पाणी फक्त वीतभर चढलेलं होतं. पुन्हा घळ बघून यावी, असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही.

त्याची आई काठावर आली होती. तिनं त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. घळीच्या खालच्या तोंडाशी आमच्या गल्लीतली चार माणसं दोर आणि ट्रकची फुगवलेली ट्यूब घेऊन उभी होती. माझी जागा वर, घळीच्या अलीकडच्या टेकाडावर. तिथून मला तो डोहातून घळीकडं जाताना दिसणार होता.

तो माझ्या पायाखालून पुढं गेला. वर न बघता त्यानं वल्हं उंचावलं. पुढं थोडं संथ पाणी आणि मग वळण होतं. मी दोन पावलं सरकलो, वळणापलीकडं नजर टाकली आणि ते दिसलं. भलंमोठं जांभळाचं झाड, मुळांसकट, घळीच्या वरच्या तोंडात आडवं अडकलेलं. पाणी त्याच्या फांद्यांतून गाळून निघाल्यासारखं जात होतं.

त्याची पाठ माझ्याकडं होती. अंतर फार नव्हतं. हाक पोचली असती.

फौजेतल्या माणसांच्या घरात एक नियम असतो, आणि आमच्याकडं तर घराआड फौजेतला माणूस. निघालेल्याला मागून हाक मारायची नाही. मग काहीही राहिलेलं असो. एकाहत्तरला तो निघाला तेव्हा त्याच्या दशम्यांचं गठुडं एस. टी. स्टँडवरच्या बाकड्यावर राहिलं. मी तोंड उघडणार, तोच त्याच्या आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. गाडी गेली. दशम्या आम्ही घरी परत आणल्या. पुढं तो लढाईतून सुखरूप आला, आणि त्याचं सगळं श्रेय त्या माउलीनं त्या न मारलेल्या हाकेला दिलं.

टेकाडावर उभा असताना हाक माझ्या ओठांपर्यंत आली होती. पण त्याच्या आईच्या हाताची पकड मला तोंडावर जाणवली. त्याला दिसेलच झाड, असंही मनात आलं. आणि अजून एक गोष्ट मनात आली, ती लिहायची मला लाज वाटते: मी हाक मारली आणि पुढं काही वाईट झालं, तर सगळं माझ्यावर शेकेल. मी शिकलेला माणूस. पोरांना विज्ञान शिकवायचो. मी मूग गिळून उभा राहिलो. तेवढ्यात तो वळणाआड गेला.

मग मी धावलो. होडी फांद्यांत उलटी अडकली होती आणि ताडपत्रीच्या चिंध्या पाण्यावर फडफडत होत्या. दोर आणून, झाड तोडून त्याला बाहेर काढायला दुपार झाली.

काठावर घोंगडीवर त्याला निजवलं होतं. आई उशाशी बसलेली. गर्दीतून कुणीतरी मला विचारलं, "तू तर वर हुतास. झाड दिसलं न्हाई? हाक न्हाई मारलीस?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "मारली की. त्येनं ऐकलीच न्हाई."

आईनं मान वर केली. "मागनं हाक मारलीस?" एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्या लेखी तिचा मुलगा झाडानं मेला नाही, माझ्या हाकेनं मेला. मी दिसलो की ती पदर ओढून तोंड फिरवायची. माझ्या लग्नाला तिच्या घरून कुणी आलं नाही. दर दसऱ्याला मी सोनं द्यायला तिच्या दारात जायचो. ती आत निघून जायची आणि मी आपट्याची पानं उंबऱ्यावर ठेवून परत यायचो. खरं सांगून टाकावं असं दर वेळी वाटायचं. पण एका खोट्यानं जे मिळायला नको होतं ते मिळालं, खऱ्यानं काय मिळेल याची भीती जास्त होती. असे चार दसरे गेले.

पाचव्या वर्षी तिला आत जायलाही उठवेना. ओसरीवर वाकळेवर पडून होती. मी जवळ जाऊन बसलो, पाया पडलो. तिनं पाय आखडून घेतले. मला ते सहन झालं नाही.

"काकी," मी म्हणालो, "मी त्या दिवशी खोटं बोललो. मी हाक मारली न्हवती. झाड दिसलं हुतं मला. पर मागनं हाक मारायची न्हाई म्हणून गप बसलो."

मला वाटलं, तिचा जीव हलका होईल. नियम मोडला गेला नव्हता. मी तिचाच शब्द पाळला होता.

तिनं चाचपडत माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मारायची हुतीस की रं."