बर्डीच्या गर्दीतून काढलेला चेहरा

शहरातल्या बर्डी बाजाराच्या मेन रोडवर एक फोटोफ्रेमचं दुकान होतं. तिथं मी वीस वर्षं चेहरे काढले. शाळा माझी दुसरीतच सुटली. पण बारक्या फोटोतला चेहरा कापून मोठा करायचा, त्यावर ब्रशनं डोळे, केस, कोट चढवायचा, हे काम पुऱ्या बर्डीत माझ्याएवढं कोणाला जमत नव्हतं. हे मी आजही म्हणतो.

गिऱ्हाईक बहुतेक मयतीच्या घरचं. तेराव्या दिवशी तेरवीला फोटो पाहिजे असायचा. आमचा एक नेम होता. गेलेल्याच्या फोटोत जिवंत माणसाचा खांदासुद्धा ठेवायचा नाही, ब्लेडनं कापून टाकायचा.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मौद्याकडची एक बाई आली. तिचा तरणा पोरगा साप चावून गेला होता. घरात त्याचा एकच फोटो, तोही गावच्या कबड्डीवाल्या सहा पोरांचा. तिनं बोट ठेवून पोरगा दाखवला तेव्हा मी काच कापत होतो. बसच्या घाईत ती निघून गेली.

मालकानं विचारलं, "कोणता तो, पाहिलं नं गा?"

"पाहाचं काय त्यात? मायचं नाक पाहा अन् पोराचं पाहा."

"कोणाले तरी मौद्याले पाठवतो. विचारून घेऊ."

"मी काय इथं दहा वर्षांपासून झक मारून राहिलो का?"

मी नाकावरून पोरगा ओळखला, कापला. बाकीचे तुकडे फोटो चिकटवायची खळ शिजत होती त्या शेगडीत टाकले.

तेरवीच्या आदल्या दिवशी बाई आली. फ्रेम हातात घेऊन पदरानं काच पुसली.

"हा तं माह्या भावाचा पोरगा होय, भाऊ. सकाळी यानंच मले बसमंदी बसवून देल्लं. माहा कुठी हाय?"

मी शेगडीकडं पाहिलं. मग तिनंही पाहिलं. रडली नाही. मालकानं हात जोडले. मी नाही जोडले. म्हणालो, "माय, तू सांग, मी काढतो."

तेरवी फोटोविनाच झाली. मग ती रोज पहिल्या बसनं यायची अन् दुकानाच्या पायरीवर बसायची. समोरून सारी बर्डी वाहत असायची, कॉलेजची पोरं, बाबू लोक, रिक्षावाले, सिनेमातून सुटलेली गर्दी.

"तो केळीवाला पाह्य. त्याचं कपाळ माह्या पोरासारखं हाय."

मी कपाळ काढायचो.

"त्या सायकलवाल्याची हनवटी. गेला पाह्य!"

बाजूच्या कापडदुकानातला सेल्समन हसून म्हणाला, "काय वं बुढे, जवाई पाहून राहिली का?"

"पोरगा पाहून राहिली," ती म्हणाली. तो आत गेला तो दिवसभर बाहेर आला नाही.

ओठ दोन दिवस सापडले नाहीत. मग मॅटिनी सुटल्यावर एका पोराचे सापडले. त्या पोराला कळलंही नाही.

आठव्या दिवशी चित्र झालं. तिनं लय वेळ पाहिलं. तिनं फक्त "हाच" म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं.

"असाच होता नं, माय?"

"आता मले काय मालूम? काल त्याले आठवाले बसली, तं तुह्या कागदावरचाच डोयापुढं येते. माहा आता येतच नाही."

चित्र लुगड्याच्या पदरात गुंडाळून ती गेली. पुन्हा आली नाही.

त्यानंतर मी बर्डीतून खाली मान घालून चालायचो. वर पाहिलं की तो तुकड्यातुकड्यानं येताना दिसे. पानठेल्यावर त्याचं कपाळ, पुढं कोणाच्या तरी तोंडावर त्याचे ओठ.

मालक मरेपर्यंत म्हणत राहिले, "एकदा मौद्याले जाय गा. तिचे पाय धर." मी गेलो नाही. माझी मान कोणापुढं वाकत नाही, असं लोकांना सांगत आलो. खरं सांगायचं तर तिच्या दारात उभा राहिलो अन् भिंतीवर मी काढलेला तो असला, तर? अन् नसला, तर?