हौद्याची पायरी

कळंबचा विरेश गाड्या रंगवायचा आणि फावल्या वेळात पत्र्यातून जुन्या पिकअपची मॉडेलं बनवायचा. येरमाळ्याच्या माणिकप्पांची पिकअप कधीचीच बंद पडून गोठ्यामागं उभी होती. माणिकप्पांनी सांगितलेलं तिचं मॉडेल त्यानं त्यांनीच मोबाइलवर पाठवलेल्या एका फोटोवरून उरकलं. ते द्यायला त्यांच्या घरी आल्यावर मात्र तो बेधडक म्हणाला, "स्वतः येऊन मापं घेतली, अप्पा. तुमी घरी न्हवता."

माणिकप्पांच्या बायकोनं, शांतम्मांनी, मॉडेल हातात घेऊन फिरवलं.

"मागच्या चाकापुढची पायरी कुठंय, बाळा? लग्नादिवशी म्या तिच्यावरच पाय दिऊन हौद्यात चढले व्हते."

विरेशनं वाकून मॉडेलच्या मागच्या चाकापुढं बघितलं.

माणिकप्पा हळूच म्हणाले, "फोटोत गवत आड आलं असंल."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. विरेशचे कान तापले.

"अप्पा, म्या खोटं बोललो. आलोच न्हवतो."

"चल, आता घे मापं."

विरेशनं गोठ्यामागचं गवत उपटलं. टेपचं दुसरं टोक माणिकप्पांनीच वाकून धरलं. त्यांच्याकडं मान वर करून बघणं त्याला जमलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यानं पायरी बसवून मॉडेल परत आणलं. शांतम्मा हरखल्या, चहा ठेवायला उठल्या. विरेश चहाला न थांबता एसटी स्टँडकडं निघाला.